२००८ ची ओम्नी घाटात तापते. घरच्या घरी किती काम करावं?

घाटमाथा_चिपळूण:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे २००८ ची मारुती ओम्नी आहे, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं) इंजिन, १ लाख ४० हजार किलोमीटर झालेली. दर महिन्याला आईला घेऊन कराडला जावं लागतं. कुंभार्ली घाट निम्मा चढला की तापमानाचा काटा लालकडे सरकायला लागतो. बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं थांबलं की खाली येतो, पण आईला त्या वळणावर उन्हात बसवून ठेवणं जिवावर येतं.

मागच्या वर्षी एका गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढूनच टाकला. तेव्हापासून काटा जरा उशिरा चढतो, पण अ‍ॅव्हरेज पंधरावरून बारावर आलंय. दोन फेऱ्यांमागे अर्धा लिटर पाणी घालावं लागतं, मी विहिरीचं घालतो. एक जण म्हणतो रेडिएटर बदला, दुसरा म्हणतो इंजिन उघडावं लागेल.

गाडी विकायची नाही. बाबांनी घेतलेली आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या आईला सरकत्या दारातून चढणं-उतरणं जितकं सोपं जातं तितकं दुसऱ्या कुठल्या गाडीत जात नाही. ऑइल, फिल्टर, प्लग मी स्वतः बदलतो. याच्या पुढचं काय हातात घेऊ?

आगारातला_काका:
भाऊ, एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं काढली, त्यावरून सांगतो. अजून रेडिएटरही बदलू नकोस आणि इंजिनही उघडू नकोस. पाणी कमी होतंय म्हणजे ते कुठून तरी जातंय. आधी ती जागा शोध.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि रेडिएटर पार नाकाशी. मधे तळाखालून पाण्याचे लांब पाइप जातात. कोकणात खारा वारा आणि चार महिने चिखल, त्यामुळे हे पाइप क्लॅम्पच्या जागी गंजून सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. गाडी गार असताना दिसत नाही. गरम झाली, दाब आला की फवारा उडतो आणि तिथल्या तिथे वाळतो. पांढरा किंवा तांबूस डाग दिसला तर तीच जागा. मग वॉटर पंपाखालचं बारीक भोक बघ; तिथे ओल असेल तर सील गेलं. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालंय का तेही बघ. झाकण स्वस्त आहे, पण जुन्यावर दाबाचा जो आकडा आहे तोच नव्यावर हवा. झाकण कायम गार गाडीवरच उघड.

इंजिन उघडायची वेळ आलीय का, हे घरीच कळतं. सकाळी गार गाडीचं झाकण काढून चालू कर. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, किंवा ऑइलची काडी ताकासारखी पांढरट निघाली, तर हेड गॅस्केटचा (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, त्याखालच्या सीलचा) संशय घे. तसं नसेल तर हेडला कुणाला हात लावू देऊ नकोस.

थर्मोस्टॅट परत बसव. तो नसला की सपाटीवर इंजिन गारच राहतं, ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं गाडी आत्ताच चालू झालीय, आणि तो पेट्रोल जास्त सोडतो. तुझं अ‍ॅव्हरेज तिथेच गेलं. विहिरीचं पाणी आजपासून बंद. क्षार बसून रेडिएटरच्या नळ्या बुजतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं घाल.

भरताना गाडीचं तोंड चढावर ठेव, म्हणजे लांब पाइपात अडकलेली हवा पुढे वर येते. झाकण उघडं ठेवून, इंजिन गार असताना चालू करून, पंखा दोनदा लागेपर्यंत थांब. पातळी उतरेल तसं ओतत जा, पण घाई नको आणि उघड्या झाकणावर चेहरा वाकवू नको. हवा राहिली तर बाकीची सगळी मेहनत वाया.

आणि एक, हे मनावर घे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही. स्टँड घे, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लाव.

विदर्भकन्या:
काकांचं पटलं. दादा, खाली वाकलाच आहात तर पेट्रोलचे रबरी पाइपही बघून घ्या. माझी १९९८ ची कार्बोरेटरवाली आहे. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याने जुनं रबर फुगतं, मग तडकतं. माझा एक पाइप बोटाने दाबल्यावर ओला लागला, आणि त्याच्या खालीच तापलेलं इंजिन, वर आम्ही बसलेलो. त्या दिवशी सगळे पाइप आणि क्लिपा बदलल्या. तुमच्याकडे एमपीएफआय आहे, म्हणजे लाइनमध्ये दाब जास्त. तिथे साधा पाइप चालत नाही, इंजेक्शनसाठीचाच मागा. सीटजवळ छोटं अग्निशामक ठेवाच.

मालवणी_गाडीवान:
गंजाबद्दल दोन शब्द. आमच्याकडे पावसाआधी गाडीच्या तळाला जळकं ऑइल फासतात. कृपया करू नका. सस्पेन्शनच्या बुशांचं रबर फुगतं आणि त्यावर धूळ चिकटून बसते. दारांच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा, सरकत्या दाराची खालची पट्टी ब्रशने साफ करा, गंज घासून रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) लावा, मग अंडरबॉडी कोटिंग. हे सगळं दिवाळीनंतर, लोखंड पूर्ण सुकल्यावर.

सुट्या भागांची काळजी नको. ओम्नी २०१९ साली बंद झाली, तरी ७९६ सीसीचं तेच तीन सिलिंडरचं इंजिन मारुती ८०० मध्येही होतं, त्यामुळे माल मिळतो.

घाटमाथा_चिपळूण:
काका, सापडलं! तळाखालच्या पाइपावर, डाव्या क्लॅम्पच्या आत तांबूस डाग होता. पाना लावला तर पाइपच चुरला. दोन्ही पाइप, होज, झाकण आणि थर्मोस्टॅट नवे टाकले. हवा काढायला पाऊण तास लागला. परवा आईला घेऊन घाट चढलो, काटा मधेच राहिला. वरती नेहमीच्या टपरीवर चहाला थांबलो, पण या वेळी आपल्या मर्जीने.

पेट्रोलचे पाइप ताई म्हणतात तसे कडक झालेत, पुढच्या रविवारी बदलतोय. लाइनमधला दाब आधी कसा उतरवायचा?

आगारातला_काका:
गाडी पूर्ण गार होऊ दे. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा रिले (त्याला वीज देणारा छोटा स्विच) काढ, गाडी चालू कर आणि आपोआप बंद पडेपर्यंत थांब. मग बॅटरीची मायनस वायर सोड. तरीही पाइप काढताना सांध्याभोवती फडकं गुंडाळ, थोडं पेट्रोल उडतंच. काम उघड्यावर कर, आणि आसपास कुणी बिडी पेटवणार नाही एवढं बघ.