नाटक दीडपट वेगाने? काहून बा, गाडी सुटून राहिली का?

महालकर:
कालची ती पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरवर फक्त स्पेसबार दाबणारे अडाणी; आपण तर सगळं, नाटकं अन् मैफिलीसुद्धा, दीडपट वेगाने पाहतो आणि वेळ वाचवतो. वाचवलेल्या वेळाचं काय करून राहिला भाऊ? रील्सच पाहत असशील. स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी लेक्चर दुप्पट वेगाने ऐकावं, माझी ना नाही. निम्मं लेक्चर 'समजलं का?' मध्येच जातं. पण नटाचा पॉझ हा संवादच असतो. झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक येतो, ऑर्गनवाला सूर धरून ठेवतो, तो सगळ्या मांडवावर नजर फिरवतो, अन् मग पहिला शब्द. दीडपट केलं की तोच खलनायक लघवीला घाईने निघाल्यासारखा दिसतो.

शॉर्टकट_राजा:
पोस्ट माझीच. कॅसेटचा जमाना गेला काका. वेग वाढवला म्हणून आवाज चिरका होत नाही, प्लेयर सूर तिथेच ठेवतो. काळी दोन ती काळी दोनच. बंद होणारा चौकटी कंस दाबला की वेग जरासा चढतो, उघडणारा दाबला की उतरतो, बरोबरचं चिन्ह दाबलं की पूर्ववत. अन् तुमच्या त्या पवित्र रेकॉर्डिंगमध्ये पहिला तासभर दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि आमदारांचं भाषण असतं. मी कंट्रोल धरून उजवा बाण दाबतो, एकेक मिनिट उडतं. तुम्ही बसा टाळ्या वाजवत.

ठेका_प्रतापनगर:
सूर तोच राहतो, कबूल. लयीचं काय? विलंबित एकताल दीडपट केला की तो विलंबित उरतच नाही. मी उलटं करतो. रियाजाला तबल्याचा कायदा ०.७ वेगावर लावतो. व्ह्यू मेन्यूतून अॅडव्हान्स्ड कंट्रोल्स चालू केले की ए-बीचं बटण दिसतं. एकदा दाबलं की सुरुवात, परत दाबलं की शेवट, मग तेवढाच तुकडा फिरत राहतो. तिरकिट जरा पसरट येतं, थाप कधी दुहेरी वाटते, पण बोट कुठे पडलं ते दिसतं. वेगाची बटणं यासाठी आहेत, घाईसाठी नाही.

संत्रा_काकू:
वेगाचं जाऊ द्या हो. ते आवाज १२५ टक्क्यांवर नेणाऱ्यांना आधी आवरा. आमच्या सासऱ्यांना कमी ऐकू येतं, ते लॅपटॉपवर कीर्तन लावतात आणि पट्टी पार लाल करतात. स्पीकर फरफरायला लागला. बर्डीवरचा दुकानदार म्हणे, प्लेयरमुळे गेला, वॉरंटी नाही.

शॉर्टकट_राजा:
दुकानदार तुम्हाला बनवून राहिला. सॉफ्टवेअरने स्पीकर जात नसतो.

ठेका_प्रतापनगर:
असं छातीठोक नोको सांगू. १०० म्हणजे मूळ रेकॉर्डिंग. वर नेलं की जिथे आवाज आधीच मोठा आहे तिथे लाटेचे शेंडे छाटले जातात, तीच ती फरफर. लॅपटॉपच्या एवढ्याशा स्पीकरवर ते तासन् तास चाललं तर कॉइल तापते.

शॉर्टकट_राजा:
बरं, इंजिनिअर साहेब. मग सासऱ्यांना हेडफोन घेऊन द्या, विषय संपला.

संत्रा_काकू:
तुम्ही या आणि त्यांच्या डोक्यावर चढवून दाखवा. चहा मी देते.

फुटाळा_फॅन:
२०२२ मध्ये आपल्याकडे व्हीएलसीची वेबसाइटच ब्लॉक होती, नोव्हेंबरात उघडली. तेव्हा लोकं कुठून कुठून डाउनलोड करत होते! तेव्हा यातलं कोणी बोललं नाही, आता पॉझवर भांडून राहिले.

महालकर:
धागा माझा, विषय नाटकाचा, अन् चर्चा सासऱ्यांची. वा!

ठेका_प्रतापनगर:
काकू, आवाज १०० वर ठेवा. टूल्समध्ये इफेक्ट्स अँड फिल्टर्स, तिथे ऑडिओ, तिथे कंप्रेसर. टिक करा. मोठा आवाज दबतो, बारीक वर येतो. अन् ब्लूटूथ स्पीकर लावत असाल, त्यात ओठ आधी अन् शब्द मागून येत असतील, तर 'जे' (J) ही कळ दाबत जा, आवाज आधी येतो. जास्त झालं तर 'के' (K).

शॉर्टकट_राजा:
कंप्रेसर बरा उपाय आहे. मी सांगणारच होतो.

महालकर:
हो ना, तू दीडपट वेगाने सांगितलं असशील, आम्हाला ऐकू आलं नाही.

शॉर्टकट_राजा:
जा बाप्पा, तुमचं नाटक यापुढे १.१ वर पाहतो. अर्पण तुम्हाला. सत्कार मात्र उडवणारच.

महालकर:
सत्कार उडव. भाषणाला चारपट लाव, मी काही म्हणत नाही.

संत्रा_काकू:
टिक केली. कीर्तनकार हळू बोलतात तेही आता ऐकू येऊन राहिलं. दुकानदार मात्र चोर तो चोरच.