निवतीसमोरच्या वेंगुर्ला रॉक्सवर कुटुंबासह जावे का?

प्रश्न (कोल्हापूरहून)

नमस्कार. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांची आई, चार दिवसांसाठी सिंधुदुर्गात येत आहोत. मुलीला पक्ष्यांचे वेड आहे. भोगव्याच्या किनाऱ्यावरून समुद्रात खडकाळ बेटे आणि त्यांवरचे दीपगृह दिसते, असे तिने कुठेतरी वाचले आणि तेव्हापासून तिला तिथेच जायचे आहे. बेटावर उतरता येते का, पाकोळ्या नावाचे छोटे पक्षी जिथे घरटी करतात त्या गुहा आत जाऊन पाहता येतात का, आणि आईला बोटीचा हा प्रवास झेपेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. निव्वळ किल्ला आणि जलक्रीडा एवढ्यावर सहल संपवायची नाही. माणसाचा वावर नसलेला समुद्र मुलीने एकदा डोळ्यांनी पाहावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पहिले उत्तर (परुळे परिसरातून)

ज्याला नकाशावर वेंगुर्ला रॉक्स किंवा बर्न्ट आयलंड म्हणतात, त्याला आम्ही किनाऱ्यावरचे लोक निवती रॉकच म्हणतो, कारण बेटे वेंगुर्ल्याच्या नावावर असली तरी ती निवतीच्या अधिक जवळ आहेत. हे एकच बेट नसून लहानमोठ्या खडकांचा पुंजका आहे. त्यांतल्या एकावर दीपगृह आहे. बाकीच्यांवर गवत, झुडपे आणि पक्ष्यांच्या विष्ठेने पांढरे झालेले कडे, एवढेच. आपण रेल्वेने येणार असाल तर कुडाळला उतरून परुळेमार्गे निवती किंवा भोगवे गाठावे. मुक्काम याच गावांत केलात, तर पहाटे बोटीसाठी धावपळ होणार नाही.

उतरण्याविषयी स्पष्टच लिहितो. दीपगृह केंद्र सरकारच्या खात्याकडे आहे आणि परवानगीशिवाय तिथे पाय ठेवू नये. शिवाय बोट हेलकावत असताना लाटेची वेळ साधून खडकावर उडी टाकावी लागते. आपल्या आईंसाठी हे मुळीच योग्य नाही आणि मुलीसाठीही नाही. पण न उतरताही हा प्रवास पुरेपूर समाधान देतो. बोटवाल्याला इंजिन मंद करून बेटांना अंतर राखून एक पूर्ण फेरी मारायला सांगावे. पश्चिमेच्या बाजूला, जिथे खुला समुद्र थेट खडकावर आपटतो, तिथे लाट कपारीत शिरल्यावर पोटातून यावा तसा घुमणारा आवाज येतो आणि क्षणभराने तेच पाणी फेस होऊन बाहेर फेकले जाते. मी लहानपणापासून ते ऐकत आलो आहे आणि अजूनही त्या बाजूला गेल्यावर बोटीतले सगळे आपोआप गप्प होतात.

जाताना किंवा येताना डॉल्फिन, ज्यांना आमच्याकडे गादे म्हणतात, बहुधा दिसतात. बोट त्यांच्या मागे पळवू नये. इंजिन मंद ठेवून थांबलात, तर ते स्वतःहून जवळ येतात.

दुसरे उत्तर (पक्षिनिरीक्षक, सावंतवाडी)

गुहेत जाण्याचा प्रश्न आपण आधीच विचारलात, हे फार बरे झाले, कारण अनेक जण तिथे पोहोचल्यावर विचारतात. मार्च ते जून हा पाकोळ्यांच्या विणीचा हंगाम असतो आणि आपण नेमके त्याच वेळी येत आहात. म्हणून गुहेत शिरू नये. कोणी बोटवाला नेतो म्हणाला, तरी नकार द्यावा.

ही पाकोळी चिमणीएवढी, काळपट तपकिरी आणि अतिशय चपळ असते. गुहेच्या काळोखात ती वटवाघळाप्रमाणे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते. फरक एवढाच की तिचा आवाज माणसाच्या कानालाही ऐकू येतो, जणू कुणी नखाने कंगव्याचे दाते भराभर ओढत आहे. घरटे म्हणजे कातळाला चिकटवलेली अर्धी वाटी. शेवाळ, गवताचे तंतू आणि पिसे ती स्वतःच्या लाळेने सांधते, आणि त्या वाटीत साधारण दोनच अंडी असतात. विजेरीचा झोत पडला किंवा माणसांचा गलका झाला की पक्षी एकदम उठतात, आणि त्या धांदलीत अंडे किंवा पिल्लू खालच्या पाण्यात पडले तर ते वाचत नाही. पूर्वी या घरट्यांची खाण्यासाठी चोरटी विक्री करणाऱ्या टोळ्यांनी या गुहा लुटल्या आहेत. त्यानंतर उरलेल्या पक्ष्यांना आपल्यासारख्या प्रेमाने आलेल्या माणसांनी त्रास देऊ नये, असे मला फार तीव्रतेने वाटते.

मुलीला गुहेच्या तोंडापासून दूर बोटीत बसूनच पाकोळ्या मनसोक्त पाहता येतील. त्या सतत आतबाहेर करत असतात. दुर्बीण अवश्य आणावी. आठ गुणिले बेचाळीसची चांगली, कारण हलत्या बोटीत त्याहून जास्त मोठे करून दाखवणारी दुर्बीण हातात स्थिर राहत नाही. सुरय पक्षीही या बेटांवर घरटी करतात, परंतु त्यांची मुख्य वीण उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यात होते, म्हणून त्यांची मोठी गर्दी आपल्याला बहुधा मिळणार नाही. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड मात्र किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर शोधावा. या बेटांवरील सुरय आणि पाकोळ्यांविषयी पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी १९४० च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले होते. मुलगी मोठी झाल्यावर तिने ते लेख जरूर वाचावेत.

तिसरे उत्तर (रत्नागिरीहून)

वरील दोघांनी सर्व काही लिहिले आहे. मी फक्त वेळेविषयी सांगतो, कारण त्या चुकीची किंमत आम्ही मोजली आहे. चार वर्षांपूर्वी एकादशीच्या दिवशी आम्ही सहा जण कर्लीच्या खाडीतून याच बेटांकडे गेलो. न्याहारी, फोटो, बोटवाल्याची वाट पाहणे, असे करता करता निघायलाच दहा वाजले. परत फिरलो तेव्हा दीड वाजला होता. खारे वारे चढले होते, लाटा तोंडावर येत होत्या, आणि खाडीच्या मुखाशी ओहोटीने पाणी इतके उतरले होते की बोटीचा तळ वाळूच्या पट्ट्याला लागला. एक लाट मागून आत आली आणि माझ्या वडिलांच्या मांडीपर्यंत पाणी भरले. जीवरक्षक जाकिटे होती, पण फळीखाली दोरीने बांधलेल्या गठ्ठ्यात! ती गाठ सोडताना माझ्या भावाचे थरथरणारे हात मला आजही दिसतात. सुदैवाने पुढच्या लाटेने बोट उचलली आणि आम्ही आत आलो.

त्यानंतर एका वृद्ध कोळ्याने मला जुना हिशेब शिकवला. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे. जो आकडा येईल, त्या वेळेच्या आसपास पूर्ण भरती असते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. एकादशीला अकराची पाऊणपट, म्हणजे सव्वाआठ. याचा अर्थ आम्ही दिवस उत्तम निवडला होता, फक्त तास चुकवला. दशमी, एकादशी, द्वादशी यांपैकी एखाद्या दिवशी पहाटे साडेसहाला निघून दहापर्यंत परत यावे. तेव्हा खाडीच्या मुखाशी पाणी भरपूर असते आणि सकाळचे मतलई वारे मंद असतात. पौर्णिमा-अमावास्येचे उधाण मात्र टाळावे. पंचांगावरचा हिशेब ढोबळ आहे, म्हणून आदल्या दिवशी बंदरावर विचारून खात्री करून घ्यावी, आणि जाकीट अंगावर चढल्याशिवाय बोट हलू देऊ नये.

आपल्या आईंना या बोटीत नेऊ नये, असे माझे मत आहे. त्यांच्यासाठी मालवणसमोरचा सिंधुदुर्ग किल्ला पाहावा. किल्ला ज्या कुरटे बेटावर आहे, तिथवरची होडी अगदी थोड्या वेळाची आहे, आणि चारही बाजूंना खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी कशा, हे पाहून त्याही रमतील. किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तटाबाहेरच्या खडकांत प्रवाळ आहे. मुलीला ते दाखवताना त्यावर पाय पडू देऊ नये.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीला दुसरे उत्तर वाचून दाखवले. गुहेत जायचे नाही हे ऐकून ती थोडी हिरमुसली, पण कंगव्याच्या दात्यांवरून नख ओढून तिने तो आवाज स्वतः काढून पाहिला आणि आता बाहेरूनच ऐकू येतो का, एवढेच विचारते आहे. पंचांग काढून एकादशी पाहिली आहे. आई आणि पत्नी त्या सकाळी भोगव्यात थांबतील आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मालवणला जाऊ.

दुसरे उत्तर देणारे

बाहेरून तो आवाज लाटांत बुडून जातो, म्हणून तशी आशा ठेवू नये. मात्र गुहेच्या तोंडाशी येताना पाकोळी कशी अचानक वळते, याकडे तिला लक्ष द्यायला सांगा. सूर्य पाठीशी राहील अशा बाजूला, म्हणजे सकाळी बेटांच्या पूर्वेला, बोट उभी करायला लावा.