कित्तूरच्या एक्सचेंजपासून आजपर्यंत : लँडलाइन नेमकी कशाने गेली?

मलप्रभाकाठ (खानापूर)
शाळेच्या स्मरणिकेसाठी आपल्या भागातील टेलिफोनवर लेख लिहितो आहे. मोबाइल आला आणि लँडलाइन मागे पडली, एवढेच उत्तर सगळे देतात. ते मला अपुरे वाटते, कारण आमच्या गल्लीत मोबाइल आल्यावरही कितीतरी वर्षे लोकांनी घरातला फोन ठेवला होता. मग तो शेवटी का काढला? आणि हे जाळे आपल्याकडे पसरले कसे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निपाणीचा वाचक
कित्तूरचा उल्लेख आवर्जून करा. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील एक्सचेंज, म्हणजे फोन एकमेकांना जोडून देणारी केंद्रे, 1882 पासूनची, तरी पुढची शंभर वर्षे फोन बहुतांशी कचेऱ्यांचा, पेढ्यांचा आणि मोजक्या बड्या घरांचाच राहिला. लखनौ-कानपूर मार्गावर 1960 साली एसटीडी, म्हणजे परगावचा नंबर स्वतः फिरवून थेट बोलण्याची सोय, सुरू झाली, पण त्यानंतरही कितीतरी वर्षे आपल्याकडे परगावी बोलायचे म्हणजे ऑपरेटरकडे ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसायचे, आणि फारच घाई असेल तर अर्जंटचे दुप्पट पैसे मोजायचे. नव्या जोडणीची प्रतीक्षायादी तर वर्षानुवर्षे हलत नसे.

हे चित्र पालटले ते 1984 साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेमुळे. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने तेथील अभियंत्यांनी 128 पोर्टचे (जोडणीच्या जागांचे) ग्रामीण एक्सचेंज तयार केले, आणि त्यांतले पहिले 1986 साली बसले ते आपल्याच जिल्ह्यातील कित्तूरला. परदेशी डिजिटल एक्सचेंजला वातानुकूलित खोली लागे. हे यंत्र मात्र साध्या खोलीत, धूळ आणि उन्हाळा सोसत चालावे असेच घडवलेले होते. राणी चन्नम्मांचे कित्तूर सर्वांना ठाऊक आहे, पण खेड्यापाड्यांत फोन नेणाऱ्या या यंत्राची सुरुवातही तिथेच झाली, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही, याची मला खंत वाटते. पुढे गावोगावी एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहिले आणि रात्री दर उतरले की तिथे गर्दी होऊ लागली.

लाइनवर काम केलेला (बेळगाव)
मोबाइलचा वाटा मोठा आहेच. 2003 साली मोबाइलवर येणारा कॉल मोफत झाला, आणि 2006 च्या सुमारास देशभरातील सुमारे पाच कोटी लँडलाइन जोडण्यांवरून ओहोटी लागली. पण तुमच्या गल्लीतले फोन गेले ते तारेच्या देखभालीअभावी, असे माझे ठाम मत आहे.

एक्सचेंजमधून निघालेली तांब्याच्या दोन तारांची जोडी रस्त्याकडेच्या पिलरमध्ये (जोडणीच्या कपाटात) येते, तिथून खांबावरच्या डीपी बॉक्समध्ये, म्हणजे घरोघरी तारा वाटणाऱ्या डब्यात, आणि मग घरात. तिच्यावर एक्सचेंजच्या बॅटरीचे 48 व्होल्ट असतात, म्हणून करंट गेला तरी फोन चालत असे. मात्र जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात केबलच्या सांध्यात पाणी शिरले की आधी खरखर सुरू होते, मग फोन मुका होतो. तो सांधा उघडून, वाळवून, रंग पाहून एकेक जोडी पुन्हा जुळवावी लागते. रस्तारुंदीकरणात जेसीबीने शंभर जोड्यांची केबल तोडली, तर हेच काम शंभर वेळा करायचे. अशा कामाला हात लागतात, आणि ते कमी होत गेले. जानेवारी 2020 अखेर बीएसएनएलमधून सुमारे 78 हजार कर्मचारी एकदम स्वेच्छानिवृत्त झाले. महिना महिना मुका राहिलेल्या फोनचे भाडे माणूस किती दिवस भरणार?

मलप्रभाकाठ (खानापूर)
दोघांचेही मनापासून आभार. मग आता फायबरवर मिळणारा फोन हा त्याच जाळ्याचा पुढचा टप्पा मानावा का?

लाइनवर काम केलेला (बेळगाव)
संख्येपुरता मानता येईल. 2020 च्या सुमारास दोन कोटींवर उतरलेल्या जोडण्या 2023 अखेर तीन कोटींच्या वर गेल्या, त्या मुख्यतः फायबरमुळेच. पण फायबरमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. घरातला करंट गेला की फायबर ज्या यंत्राला जोडलेले असते ती घरातली पेटी बंद पडते आणि तिच्याबरोबर फोनही, म्हणून खानापूर भागात कुणी तो घेत असेल तर त्या पेटीला लहानशी बॅटरी पावसाळ्यापूर्वीच जोडून घ्यावी.