मदत हवी आहे: .३०८ रायफलमधून २०० ग्रेनची मॅच गोळी आडवी जाते

सातपूरकर (धागाकर्ता)
नमस्कार. मला थेट उत्तर हवे आहे, कारण २६ तारखेला माझे ब्रिस्बेनचे विमान आहे आणि त्याआधी धाकट्या भावाला गोळ्या मागवून ठेवायला सांगायचे आहे. तो तिथे बेलमाँटच्या रेंजवर लांब पल्ल्याची नेमबाजी करतो. दरवर्षी मी दोन-तीन महिने तिकडे असतो, तेव्हा क्लबच्या देखरेखीखाली मलाही त्याची जुनी .३०८ (०.३०८ इंच व्यासाच्या गोळीची) रायफल हाताळायला मिळते. आतापर्यंत तो दंडाला पट्टा बांधून टार्गेट रायफल मारत असे, पण खांदा कुरकुरू लागल्यामुळे आता पुढे दुपायी लावून एफ-क्लासकडे, म्हणजे रायफलला टेकू देऊन मारायच्या प्रकाराकडे, वळला आहे. तिथले बहुतेक जण २०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) मॅच, म्हणजे स्पर्धेसाठीची, गोळी वापरतात, म्हणून त्यानेही शंभराची पेटी आणली. ३०० यार्डांवर पाच गोळ्या मारल्या, त्यांची भोके गोल नव्हे तर लांबट पडली आणि त्यातली दोन तर कुलपाच्या भोकासारखी होती. ६०० यार्डांवर दहापैकी चारच कागदाला लागल्या. रायफल उत्तम आहे, दुर्बीण घट्ट आहे आणि भाऊ पंधरा वर्षे नेम मारतो आहे. २०० ग्रेनमध्ये कोणत्या कंपनीची गोळी घ्यावी, एवढेच सांगावे.

तिडकेकॉलनी
कंपनी बदलून काही होणार नाही. नळीचा पीळ (ट्विस्ट), म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचा किती इंचांत एक फेरा घेतात, ते आपण लिहिलेलेच नाही. गोळीची लांबी आणि वेगही लिहिलेला नाही.

सातपूरकर
पीळ नेहमीचाच असणार. .३०८ ला दहा इंचात एक फेरा असतो, असे तिथल्या दुकानदाराने सांगितले. वजन २०० ग्रेन आहे हे मी वर लिहिले आहे.

तिडकेकॉलनी
.३०८ ला ‘नेहमीचा’ असा पीळ नसतो. १:१० असतो, १:१२ असतो, आणि केवळ स्पर्धेसाठी बसवलेल्या नळ्यांत १:१३ सुद्धा असतो. दुकानदाराने आपल्या भावाची नळी आतून पाहिलेली नाही. शिवाय गोळी हवेत सरळ राहील की नाही, हे ठरवताना वजनापेक्षा लांबी फार जास्त मोजली जाते. त्याच व्यासात वजन वाढवायचे म्हणजे गोळी लांब करावी लागते. लांब गोळीला हवेचा दाब उलटवू पाहतो आणि तिला सरळ ठेवायला अधिक वेगाने फिरवावे लागते. लांबट भोके हे गोळी पुरेशी न फिरल्याचे लक्षण आहे.

धडाका
एवढी चर्चा कशाला? काडतुसातली दारू थोडी वाढवा. वेग वाढला की फिरणेही वाढते, सरळ हिशेब आहे. माझ्या मेव्हण्याने टेक्सासमध्ये हेच केले.

तिडकेकॉलनी
कृपया हा सल्ला कोणीही पाळू नये. वेगाचा परिणाम घनमुळाने होतो. वेग दहा टक्के वाढवला तरी स्थिरता जेमतेम तीन टक्के वाढते, आणि २०० ग्रेनच्या गोळीमागे दाब आधीच मर्यादेजवळ असतो. तीन टक्क्यांसाठी बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) तोंडावर घेण्याची वेळ आणू नये.

तोफखाना_देवळाली
मी आयुष्याची सव्वीस वर्षे तोफखान्यात काढली असल्याने दोन शब्द लिहितो. या प्रश्नाचे उत्तर १८७९ मध्येच मिळालेले आहे. वुलविच येथील मिलिटरी अकादमीत गणित शिकवणारे ग्रीनहिल यांचे सूत्र असे, की व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणावे आणि लांबीने भागावे; उत्तर इतक्या इंचांत एक फेरा असे येते. लांबी द्या, मी तोंडी सांगतो. आमच्या १५५ मिलिमीटरच्या तोफांना साधारण वीस कॅलिबरमध्ये, म्हणजे नळीच्या व्यासाच्या वीसपट लांबीत, एक फेरा असतो, आणि तेवढ्यावर चाळीस किलोच्या पुढचा गोळा सरळ जातो.

श्वास_प्रश्वास
आपण सर्व जण यंत्राबद्दल बोलत आहात. नेमबाजीत नव्वद टक्के खेळ मनाचा असतो. आपल्याच नाशिकचे कै. भीष्मराज बाम सरांनी अंजली भागवतांसारख्या नेमबाजांना एकाग्रता शिकवली. भावाला सकाळी वीस मिनिटे प्राणायाम करायला सांगावे. त्याच बेलमाँटच्या रेंजवर २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी सुवर्णपदक मिळवले, ते केवळ गोळीच्या लांबीवर नव्हे.

तिडकेकॉलनी
बाम सरांबद्दल आम्हा सर्वांना आदर आहे, परंतु प्राणायामाने भोक गोल होत नाही. सातपूरकर साहेब, पीळ मोजायला पाच मिनिटे लागतात. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून बोल्ट काढावा. ज्या सळईची मूठ बेअरिंगवर मोकळी फिरते, तीच सळई हवी. साधी सळई फिरत नाही आणि उत्तर चुकते. टोकाला घट्ट चिंधी लावून ती मागून थोडी आत ढकलावी, म्हणजे चिंधी खाचा धरते. मग नळीच्या मागच्या कडेशी सळईवर चिकटपट्टीचा तुकडा लावावा आणि त्याच्या वरच्या बाजूला पेनने खूण करावी. सळई सावकाश आत जाऊ द्यावी. खूण फिरत खाली जाते आणि पुन्हा नेमकी वर येते, तेव्हा सळई जितके इंच आत गेली तो आपला पीळ. तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी. गोळीची लांबीही कॅलिपरने मोजून कळवावी.

गंगापूररोड_नवखा
मला रायफलीचा परवाना काढायचा आहे. अर्ज आयुक्तालयात करायचा की जिल्हाधिकारी कार्यालयात?

तिडकेकॉलनी
त्यासाठी कृपया वेगळा धागा काढावा.

सातपूरकर
आत्ताच भावाशी बोललो. आपल्याकडे सहा वाजले म्हणजे तिकडे रात्रीचे साडेदहा, तरी बिचारा गॅरेजमध्ये गेला. पहिल्यांदा तेरा इंच आले. त्याला वाटले सळई घसरली, म्हणून पुन्हा मोजले, पुन्हा तेराच. तिसऱ्यांदा पावणेतेरा ते तेराच्या मध्ये. मग लाकडी दस्ता उतरवून पाहिले, तर नळीच्या खालच्या अंगाला बारीक ठशात १३ कोरलेले निघाले. पंधरा वर्षे ते दस्त्याखाली झाकलेले होते! गोळीची लांबी १.५० इंच आहे आणि वेग क्रोनोग्राफवर (वेगमापकावर) २६०० फूट प्रतिसेकंद आला होता. मी स्वतः अंबडच्या कारखान्यात तीस वर्षे आटे कापले आणि आटे मोजायचे पिच गेज न लावता कधी काम हातातून सोडले नाही. इथे मात्र दुकानदाराच्या शब्दावर विसंबलो, याची लाज वाटते.

तिडकेकॉलनी
आता सगळे जुळले. टार्गेट रायफल प्रकारात .३०८ ची गोळी १५६ ग्रेनहून हलकीच असावी लागते, म्हणून त्या खेळासाठी मुद्दाम १:१३ ची नळी बसवत असत. गोळीची स्थिरता काढणाऱ्या डॉन मिलर यांच्या सूत्राने हिशेब केला. स्थिरतेचा आकडा १ च्या खाली गेला की गोळी गडबडते आणि १.५ किंवा अधिक असला की निश्चिंत राहावे. आपल्या २०० ग्रेनचा आकडा १:१३ मध्ये ०.९३ येतो. तीच गोळी १:१० मध्ये घातली तर १.५८ येतो. उलट सुमारे १.१८ इंच लांबीची १५५ ग्रेनची गोळी २९५० च्या वेगाने मारली तर याच नळीत १.५१ येते. पंधरा वर्षे भावाचा नेम का लागत होता, ते यावरून कळेल.

तोफखाना_देवळाली
ग्रीनहिलप्रमाणे १.५० इंचाच्या गोळीला साडेनऊ इंचात एक फेरा हवा. तेव्हा १:१० सुद्धा पुरणार नाही, नवी नळी १:९.५ ची घ्यावी. आणि १५५ मिलिमीटरची गोळी खांद्यावरून मारतात, हे मी प्रथमच ऐकतो.

तिडकेकॉलनी
ते १५५ ग्रेन आहेत, काका, मिलिमीटर नव्हेत. आपल्या सूत्राप्रमाणे त्या गोळीलाही बारा इंचात एक फेरा हवा. म्हणजे भावाने पंधरा वर्षांत एकही गोळी गोल भोकाने मारलेली नसावी.

तोफखाना_देवळाली
चष्मा लावून पुन्हा वाचले, ग्रेनच आहे. परंतु वेग २८०० च्या वर असेल तर १५० ऐवजी १८० घ्यायचे असतात, हे आपण सोयीस्करपणे विसरलात. तसे केले तर साडेचौदा येतात आणि १५५ ग्रेनची गोळी १:१३ मध्ये आरामात बसते.

तिडकेकॉलनी
मान्य, ते मी विसरलो. पण २७९० ला एक आकडा आणि २८१० ला दुसरा, अशी उडी गोळी मारत नाही. ग्रीनहिल यांच्यासमोर त्या काळचे तोफगोळे होते. आजच्या लांब नाकाच्या, निमुळत्या शेपटीच्या गोळ्यांसाठी मिलर यांनी २००५ मध्ये मांडलेले सूत्र अधिक जवळ जाते, कारण त्यात वजन आणि लांबी दोन्ही वेगवेगळी धरली जातात. केवळ ग्रीनहिलवर विसंबून भावाला १:९.५ च्या नळीचा खर्च करायला लावू नये.

तोफखाना_देवळाली
बरे. पण हवा कोणी धरली आहे? आम्ही हवामानाचा तक्ता आल्याशिवाय तोफ डागत नसू. ब्रिस्बेन समुद्रकाठी आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंच, येथील हवा विरळ.

तिडकेकॉलनी
हा मुद्दा अगदी योग्य आहे. ०.९३ हा आकडा समुद्रसपाटीचा आणि १५ अंशांचा आहे. ब्रिस्बेनच्या ३० अंशांत तो ०.९८ होतो. तेवढ्याच उन्हात नाशिकच्या उंचीवर मारली असती तर १.०५ झाला असता, म्हणजे गोळी कशीबशी तग धरती आणि आपण हा धागाच काढला नसता. आणि थंडीच्या सकाळी तीच गोळी पुन्हा आडवी गेली असती.

सातपूरकर
म्हणजे मी आता काय मागवू? नळी बदलायला भाऊ या वर्षी तयार नाही.

तिडकेकॉलनी
सुमारे १.२४ इंच लांबीची १७५ ग्रेनची मॅच गोळी मागवावी. २६५० च्या वेगाला या नळीत १.४३ येते. १.५ ला थोडी कमी असल्यामुळे हवा कापण्याची तिची क्षमता किंचित कमी होईल, पण भोके गोल पडतील. पेटीवरच्या वजनावर जाऊ नये, कारण १७५ ग्रेनमध्येही टोकदार नाकाच्या लांब गोळ्या मिळतात. भावाने एक गोळी कॅलिपरने मोजून मगच पेटी घ्यावी. १६८ ग्रेनची जुनी प्रसिद्ध मॅच गोळी मात्र टाळावी. ती ३०० मीटरच्या खेळासाठी घडवलेली आहे आणि हजार यार्डांकडे जाता जाता, वेग आवाजाच्या जवळ आला, की डगमगते. तो दोष तिच्या शेपटीचा आहे, पीळ वाढवून जात नाही.

धडाका
मेव्हण्याला विचारले. त्याची नळी १:१० ची निघाली.

सातपूरकर
सर्वांचे आभार. १७५ ग्रेनच्या पन्नासच मागवायला सांगितल्या आहेत, आधी ३०० यार्डांवर कागद पाहू. २०० ग्रेनच्या ८५ गोळ्या उरल्या आहेत; क्लबात ज्याची नळी १:१० ची असेल त्याला द्यायला भाऊ तयार आहे, फक्त घेणाऱ्याने आधी सळई घालून दाखवावी अशी त्याची अट आहे.