मदत हवी आहे: सेव्हियात फोनवरून टेबल बुक करायला स्पॅनिश वाक्यं तपासून हवीत

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन माद्रिद, सेव्हिया आणि ग्रानादाला जातेय. आवे या वेगवान रेल्वेची तिकिटं काढली. ग्रानादाच्या आलांब्रा किल्ल्याचीही काढली, कारण तिथे पासपोर्टवरचं नाव द्यावं लागतं आणि आतल्या नासरी महालांत शिरायची वेळ ठरलेली असते. अडलंय ते जेवणापाशी.

आई शाकाहारी आहे, तिला अंडंही चालत नाही. बाबांना मधुमेह, त्यामुळे तिथल्यासारखं रात्री नऊला जेवणं जमणार नाही. म्हणून मुख्य जेवण दुपारी दोनला करायचं ठरवलंय. आमच्या मुक्कामाजवळ एक घरगुती खानावळ आहे, पण बुकिंग फक्त फोनवर घेतात. काल फोन केला. पलीकडून ‘दीगामे’ (बोला) आलं, मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, आणि उत्तर इतकं भरभर आलं की बुकिंग झालं की नाही तेच समजलं नाही.

माझं वाक्य असं होतं: ‘किसिएरा रेसेर्वार ऊना मेसा पारा त्रेस, पारा एल हुएवेस, आ लास दोस.’ तिघांसाठी, गुरुवारी, दोन वाजता. हे बरोबर आहे का? आणि आईसाठी ‘बेखेतारियाना’ (शाकाहारी) एवढा एक शब्द पुरेल का? तिच्या ताटात चुकून काही आलं तर ती दिवसभर जेवणार नाही, म्हणून नीट विचारतेय.

प्रतिसाद

वाक्य अगदी बरोबर आहे. शेवटी ‘दे ला तार्दे’ जोडा, म्हणजे दुपारचे दोन. समोरची व्यक्ती भरभर बोलली तर ‘मास देस्पास्यो, पोर फावोर’ म्हणा, लोक खरंच सावकाश बोलतात. ‘एस्ता कोम्प्लेतो’ ऐकू आलं तर जागा नाही असं समजा. ‘मान्याना’ म्हणजे उद्याही आणि सकाळही, म्हणून नेहमी वाराचं नाव घ्या.

‘बेखेतारियाना’वर मात्र विसंबू नका. मी माद्रिदला राहत असताना साध्या मिश्र सॅलडात कितीदा तरी ‘आतून’ आला, म्हणजे ट्यूना मासा! मसुराच्या आमटीत चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) असतो, सालमोरेखोवर (टोमॅटोचं गार, दाट सूप) अंडं आणि हामोन (डुकराचं खारवलेलं मांस) पेरतात. एकेक वस्तू नाव घेऊनच सांगा: ‘मी माद्रे नो कोमे कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन, नी उएवो.’ म्हणजे माझी आई मांस, मासे, हामोन, अंडं खात नाही. अंड्याच्या huevo या शब्दातला ‘h’ लिहिताना असतो, बोलताना नाही, म्हणून ‘उएवो’. हामोन वेगळा सांगायचा, कारण काही जण त्याला मांसात धरतच नाहीत. सूप घेणार असाल तर ‘काल्दो’ (सूपचं मूळ पाणी) कशाचा, हेही विचारा.

सेव्हियात ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ मागवा. पालक, काबुली चणे, लसूण, जिरं. आईंना घरचं वाटेल. फक्त ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हणायचं विसरू नका. आणि तिथे ‘मेनू’ म्हणजे ठरलेल्या किमतीचं जेवण. पदार्थांची यादी हवी असेल तर ‘ला कार्ता’ मागा.

धागाकर्ती

खूप खूप आभार! आत्ताच फोन केला. ‘मास देस्पास्यो’ म्हटल्यावर बाई शब्द न शब्द सुटा करून बोलल्या. गुरुवारचं टेबल मिळालं, पालक-चणेही आहेत.

आता ग्रानादाचा प्रश्न. तिथल्या दिवशी आईची एकादशी आहे. तळलेले बटाटे, फक्त मीठ घालून, यासाठी ‘पातातास फ्रीतास, सोलो कोन साल’ चालेल ना? आणि ज्या तेलात मासे तळले त्यात तळू नका, हे कसं सांगू?