मदत हवी आहे: रिटेनिंग वॉलचा (माती अडवणाऱ्या भिंतीचा) वाढीव खर्च कोणाचा?

उतारावरच्या प्लॉटवर घर बांधतोय. शेजाऱ्यांचा प्लॉट वरच्या अंगाला आहे. जोत्यासाठी हद्दीलगतची माती आम्हालाच कापावी लागणार, म्हणून आरसीसी रिटेनिंग वॉल, मागच्या पाण्याच्या निचऱ्यासकट, आमच्या खर्चाने बांधणार. ते मान्यच आहे. (त्यांच्या जुन्या भरावामुळे भिंत लागली असती तर गोष्ट वेगळी.) भिंत पायासकट आमच्या हद्दीत आहे, मोजणी झालीय, खोदकाम अजून सुरू नाही.

अडचण अशी की शेजाऱ्यांना आता हद्दीपर्यंत भराव टाकून तिथे गाडी लावायची आहे. इंजिनियर म्हणतात, त्या जादा भारासाठी भिंत उंच आणि जाड करावी लागेल, पायाही रुंद होईल. शेजाऱ्यांशी बोललो, तर ‘भिंत तुमची, तुम्ही बघा’ एवढंच उत्तर. कोर्टकचेरी नकोय.

फक्त हा वाढीव खर्च त्यांच्याकडून मागता येतो का? आणि लेखी करार केला तर पुढच्या दुरुस्तीची जबाबदारी त्यात कशी लिहावी?