पेंढ्याच्या गठ्ठ्यांची घरं विकायची आहेत, बँक अडून बसलीये, मदत हवी आहे (अर्जंट)

बांधतोच_आता:
मंडळी, सहा घरं बांधून विकायची आहेत, भिंती पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या. घेणारे तयार आहेत पण त्यांच्या बँकेचा व्हॅल्युअर म्हणतो असल्या घराला कर्ज बसत नाही आणि विमावाला तर फोनच उचलत नाही. नेमके कुठले कागद दाखवले की ही माणसं गप्प बसतील? आग लागेल, उंदीर होतील असले सल्ले नकोत, ऐकून कान किटलेत.

गवंडीकाका:
भार भिंती घेणार की लाकडी सांगाडा आहे आणि गठ्ठे नुसते भरायचे? गिलावा कसला? मजले किती? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

मातीमोल:
पेंढा हवाच कशाला? मातीत थोडा कालवून सरळ भिंती उचला, मी तेच केलं, बँकेच्या दारात गेलोच नाही.

आकडेमोड:
@मातीमोल ते विकायचं म्हणतायत हो. विकणार म्हणजे घेणाऱ्याला कर्ज लागणारच.
धागाकर्ते, एएसटीएम ई ११९ ही आगीची चाचणी शोधा. मातीचा गिलावा केलेली गठ्ठ्यांची भिंत १ तास टिकली, सिमेंट-चुन्याची २ तास. अमेरिकेच्या घरांसाठीच्या नमुना बांधकाम नियमावलीत (मॉडेल कोड) २०१५ पासून पेंढ्याच्या बांधकामाचं वेगळं परिशिष्ट आहे. फ्रान्समध्ये २०१२ला या बांधकामाचे व्यावसायिक नियम छापले गेले, तेव्हापासून विमावाले ही नेहमीची पद्धत धरतात. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला २०१५ सालीच अशी सात घरं खुल्या बाजारात आली, कारखान्यात लाकडी चौकटीत पेंढा भरून केलेल्या पॅनेलची. व्हॅल्युअरला तुलनेला आधी झालेला व्यवहार लागतो, तो हा.

सुगरण:
गठ्ठे उरले तर धिंगरी अळिंबी लावा, मस्त येते. फक्त पेंढा आधी भिजवून घ्यायचा.

गवंडीकाका:
भिजवायचं नाव काढू नका इथे!! 😡

बांधतोच_आता:
@आकडेमोड धन्यवाद, हेच हवं होतं. काका, सांगाडा नाहीये, भार भिंतीच घेणार, दोन मजली, आणि बाहेरून जाड सिमेंटचा गिलावा, म्हणजे व्हॅल्युअरला पक्कं दिसेल.

गवंडीकाका:
झालं. अहो सिमेंटला चीर पडते, तिथून पाणी आत जातं आणि परत बाहेर पडत नाही. गठ्ठ्यात ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की कुजणं सुरू, कळतं तेव्हा भिंत गेलेली असते. चुना नाहीतर माती लावा, त्यातून वाफ बाहेर जाते. आणि भार घेणारी भिंत आधी दबते, ती दबून स्थिर होईपर्यंत गिलाव्याला हात लावता येत नाही. सहा घरांचा ताबा तारखेला देणार कसा?

आकडेमोड:
काका, अमेरिकेत नेब्रास्कात आर्थर गावचं पेंढ्याचं चर्च १९२८चं आहे, भार भिंतींवरच, अजून उभं आहे.

गवंडीकाका:
तिथली हवा कोरडी. आणि चर्चला कोण कर्ज मागतंय? फ्रान्समध्ये माँतार्जी गावातलं पेंढ्याचं घर १९२०चं, तेही उभंय, त्याला लाकडी सांगाडा आहे. विकायला तोच बरा, इंजिनिअर हिशोब करून सही देतो.

मातीमोल:
चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं, आता यांचं पेंढ्याचं 😂

बांधतोच_आता:
म्हणजे सगळे नकाशे परत?? बरं, सांगाडा घातला तर फॉर्मवर नुसतं 'लाकडी सांगाड्याचं घर' लिहू का? पेंढ्याचं नावच नको.

आकडेमोड:
'लाकडी सांगाडा, आत पेंढ्याचं भरण' असं पूर्ण लिहा. लपवलंत आणि उद्या क्लेम आला तर विमावाला हात वर करेल, शिव्या तुम्हाला पडतील. त्यापेक्षा भिंतीत ओलीचे सेन्सर घाला आणि त्यांची नोंद घराच्या कागदांना जोडा.

सुगरण:
मी भिंतीतल्या नाही, उरलेल्या पेंढ्याचं म्हणत होते.

गवंडीकाका:
ते जाऊ दे. जोतं किती उंच धरलंय आणि छप्पर भिंतीच्या बाहेर किती येतंय?

बांधतोच_आता:
छप्पर भिंतीबरोबरच कापलंय, मॉडर्न लुक आहे.

गवंडीकाका:
नकाशा टाका इथे. आत्ता.